पाल असं ठोका की एका हिसक्यात पाडता येईल

मी बाजार करणारी बाई. परकर, गाऊन, लहान मुलांची झबली-टोपडी आणि लग्नसराईत थोड्या साड्या, हा माझा माल. शनिवारी काष्टी, सोमवारी बेल्हे, मधल्या वारी जवळपासची दोन गावं. या धंद्यात मला २१ वर्षं झाली. सासूबाईंनी शिकवलं तेव्हा आम्ही एसटीने जायचो. टपावर गाठोडं, गाठोड्यात माल आणि मालाभोवती गुंडाळलेलं पाल, म्हणजे सावलीसाठी काठ्यांवर ताणायचं कापड. काठ्या वेगळ्या बांधलेल्या. आता छोटा हत्ती टेम्पो आहे, पण पाल रोज सकाळी उभं करायचं आणि दिवस मावळायला उतरवायचं, हे काही सुटलेलं नाही.

नव्याने बाजार सुरू करणाऱ्या बायका मला विचारतात, "ताई, पाल वाऱ्यात टिकावं म्हणून काय करायचं?" मी त्यांना आधी पाडायला शिकवते. पाल पाडता येत नसेल तर ते ठोकूच नये, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत मला फार महागात मिळालंय.

माझ्या लेकाने हौसेने घडीची कॅनोपी, म्हणजे मिटणाऱ्या सांगाड्यावरचं छप्पर, आणली होती, १० बाय १० फुटांची. दोघांनी ओढली की मिनिटात उभी. चैत्र संपत आला होता. चार पाय जमिनीवर नुसते टेकवलेले, त्यातल्या दोन पायांना खाली विटा बांधलेल्या. दुपारी साडेतीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं, गार वारं सुटलं. मी गिऱ्हाइकाला गाऊन उलगडून दाखवत होते. कॅनोपी उचलली गेली आणि शेजारच्या बांगडीवाल्या मावशींच्या अंगावर पडली. खांद्याला मार बसला, महिनाभर हात गळ्यात होता. काचेचा खच पडला. चूक माझी होती. बांगड्यांचे पैसे मी भरून दिले, पण त्यांचं दुखणं भरून देता आलं नाही. त्या दिवसापासून मी वाऱ्याकडे नीट बघायला लागले.

वाऱ्याचा जोर किती असतो

माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिने वहीत हिशेब मांडून दाखवला. १० बाय १० च्या कापडावर ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून थेट बसला तर साधारण १८ किलोचा रेटा येतो. वारा ४० चा झाला तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे ७० किलोच्या वर. आणि ६० चा झाला तर १६० किलो. ४० चा वारा म्हणजे फार मोठं वादळ नव्हे. झाडाच्या जाड फांद्या हलतात, तेवढाच. वळवाच्या आधी असा झोत सहज येतो.

हे आकडे कळल्यावर दोन विटांची किंमत काय ते माझ्या लक्षात आलं. आता चार कोपऱ्यांना मिळून ८० किलो वजन असल्याशिवाय मी पालाखाली बसत नाही. आणि त्याच्या वरचा वारा आला तर अडवायचाच नाही, कापड खाली घ्यायचं.

कापड कोणतं घ्यायचं

ताडपत्रीवर जीएसएम लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा तितकं कापड जाड. १२० ची स्वस्त मिळते, पण एका उन्हाळ्यात दोरीपाशी चिरते. मी २०० ची घेते. १० बाय १२ ची घडी सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे काखेत मारून चालता येतं. जुनी सुती मेणकापडाची ताडपत्री उन्हाला फार थंड, पण दुपटीहून जड, आणि भिजली तर एकट्या बाईला उचलत नाही.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. कापडाचा धंदा असेल तर निळी ताडपत्री घेऊ नका. निळ्या छताखाली मोरपंखी साडी निळी दिसते, पिवळी मळकट दिसते, आणि गिऱ्हाईक साडी हातात घेऊन उन्हात जातं, रंग बघायला. दहा जणी उन्हात गेल्या की तीन परत येत नाहीत. हिरव्या शेडनेटखालीही तसंच, सगळ्या मालावर हिरवट झाक. भाजीवाल्यांना ती झाक चालते, मेथी टवटवीत दिसते. मला पांढरं कापड लागतं. पांढऱ्यातून उजेड जास्त येतो आणि डोकं तापतं, हे खरं. त्याला उपाय आहे.

छताच्या खाली वीतभर ते फूटभर जागा सोडून जुनं सुती लुगडं आडवं बांधायचं. ताडपत्री तापते आणि तिची धग खाली फेकते. मधे लुगडं असलं की धग त्यावर अडते, आणि दोन्हींच्या मधून वारा खेळत राहतो. सासूबाईंच्या नऊवारीचा हा शेवटचा उपयोग. बेल्ह्याच्या बाजारात मेमध्ये दुपारी एक वाजता एकदा नुसत्या ताडपत्रीखाली आणि एकदा लुगड्याखाली बसून बघा, मग मला सांगायची गरज राहणार नाही.

ताडपत्रीच्या कडेच्या पितळी रिंगा पहिल्या वर्षीच उपटतात. रिंग उपटली म्हणून कापड टाकू नका. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्या, कापडाच्या कोपऱ्यात खालून धरा, वरून कापडासकट त्याच्या मानेला दोरी आवळा. गोटा सुटत नाही आणि कापड फाटत नाही. मी तर आता नव्या ताडपत्रीलाही गोटेच लावते, रिंगांना हात लावत नाही.

काठ्या, दोऱ्या, मेखा

पुढच्या दोन काठ्या आठ फुटी, मागच्या दोन साडेसहा फुटी. छप्पर मागे उतरतं राहिलं पाहिजे, म्हणजे पाऊस आलाच तर पाणी मालावर साचत नाही. भरीव बांबू सगळ्यात चांगला, कारण तो वाकतो पण मोडत नाही. लोखंडी पाइपाचा फायदा एवढाच, की चार-चार फुटांचे दोन तुकडे करून मधे फूटभर मोठ्या पाइपाची नळी घातली की गाडीत कुठेही मावतात. काठीच्या टोकाला चार बोटं खिळा उभा ठोकलेला असावा. त्या खिळ्यावर कापडाचा फास आणि दोरीचा फास दोन्ही नुसते अडकवायचे. तिथे गाठ मारायची नाही.

दोरीत सुतळी आणि काथ्या टाळा. भिजले की आखडतात आणि मेख ओढून काढतात. रंगीत प्लॅस्टिकची दोरी उन्हाने वर्षभरात भुरभुरीत होते, तिच्यावर गाठही धरत नाही. नायलॉनची बोटाएवढी जाड घ्या. ती थोडी ताणली जाते, तेच आपल्याला हवं असतं. त्यातही माझी एक जोड आहे. दोरी आणि कापड यांच्या मधे सायकलच्या ट्यूबची वीतभर कडी घालायची. झोत आला की रबर ताणतं, कापडाला हिसका बसत नाही. पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब मागितली की मिळते.

मेख म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईचा दीड फुटाचा तुकडा, वरचं टोक वाकवलेलं. ती सरळ ठोकू नका. तिचं डोकं पालापासून लांब कललेलं हवं, म्हणजे दोरी ओढेल तशी ती मातीत रुतते. मुरमाड जागेत मेख जायला त्रास देते पण गेली की पक्की बसते. काळ्या मातीचं उलटं आहे. पावसाळ्यात चिकट, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, मेख भेगेत गेली तर हाताने निघते. तिथे दोन मेखा एकामागे एक ठोकून दोरीने जोडाव्यात. जुन्या बाजारतळांवर आता सिमेंटचे ओटे आणि कोबा झालाय. तिथे मेखेचा उपयोगच नाही. मी २० लिटरचे पाण्याचे चार कॅन रिकामे घेऊन जाते, बाजारातल्या नळावर भरते आणि एकेका कोपऱ्याला एक बांधते. कॅनमध्ये २० किलो पाणी झालं, गाडीत वजन शून्य, आणि संध्याकाळी तेच पाणी कोणाच्या तरी भांड्यांना होतं. एक लक्षात ठेवा: वजनाची दोरी काठीच्या वरच्या टोकापासून खाली आली पाहिजे. पायाला वजन बांधलं तर पाय जागेवर राहतो आणि छप्पर जातं. माझ्या विटांनी हेच केलं होतं.

पाठ कुठे करायची

बाजारात जागा आपल्या मनासारखी मिळत नाही, ओळ ठरलेली असते. पण निवड असेल तर पालाची पाठ पश्चिमेला करा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचं वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं आणि त्रासाचं ऊनही तिकडूनच येतं.

ऊन कसं फिरतं ते एकदा नीट समजून घ्या. आमच्या भागात सूर्य माथ्यावर बारा वाजता नाही, साडेबाराच्या सुमाराला येतो. मेच्या मध्यावर तो अगदी सरळ डोक्यावर असतो, काठीची सावली काठीच्या बुडाशी. तेव्हा दहा फुटांचं छप्पर दहा फूट सावली देतं. पण चार वाजता आठ फुटी छपराची सावली सरकून नऊ फूट पूर्वेला गेलेली असते. म्हणजे छप्पर तुमच्या डोक्यावर आणि सावली तुमच्या गिऱ्हाइकाच्या पलीकडे. पाचला ती सोळा फुटांवर जाते. म्हणून पश्चिमेच्या बाजूला पडदा हवाच, छप्पर मोठं करून काही होत नाही. थंडीत आणखी वेगळं. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आठ फुटी काठीची सावली सात फूट उत्तरेला पडते. तेव्हा माल उत्तरेकडे सरकवून मांडावा.

पडद्याला ताडपत्री लावायची चूक सगळे करतात. घट्ट भिंत केली की वारा तिला शिडासारखा धरतो आणि अख्खं पाल ढकलतो. पन्नास टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं शेडनेट किंवा विरलेली साडी लावा. वारा गाळून येतो, धूळ बरीच अडते. खाली हातभर आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवा. वरच्या फटीतून तापलेली हवा निघून जाते.

एकटीने उभं करताना

आधी मालाला हात लावायचा नाही. कापड जमिनीवर पसरा, वाऱ्याकडे तुमची पाठ. वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांच्या दोऱ्या मेखेला किंवा भरलेल्या कॅनला सैल बांधून टाका. आता कापड उडून जाणार नाही, आणि हात मोकळे झाले. मग त्याच बाजूची एक काठी घ्या, खिळ्यावर कापडाचा फास, त्यावर दोन दोऱ्यांचे फास. एक दोरी लांबीच्या रेषेत, दुसरी रुंदीच्या रेषेत. दोन दोऱ्या काटकोनात ताणल्या आणि समोरून कापडाने ओढलं की काठी कोणी न धरता उभी राहते. काठी जितकी उंच, तितक्याच अंतरावर मेख. जवळ ठोकली तर दोरी काठीला नुसती खाली दाबते, धरत नाही. मागच्या दोन झाल्या की पुढच्या दोन. शेवटी ताण द्यायचा, तो समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून, नाहीतर पाल तिरपं होतं. मऊ मातीत काठीखाली चपटा दगड ठेवा. मला एकटीला आता वीस मिनिटं लागतात, सुरुवातीला तास लागायचा.

गाठ कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. मेखेपाशी निरगाठ मारू नका. तिथे सुरगाठच हवी, शेंडा ओढला की सुटणारी. ताण हवा असेल तर ट्रकवाले माल आवळताना मधे फास करून त्यातून दोरी परत ओढतात तशी ओढा, आणि शेवट सुरगाठीने करा. शेंडा हातभर लांब सोडा आणि सगळे शेंडे आतल्या बाजूला ठेवा. डोळे मिटून हात घातला तरी सापडले पाहिजेत. पाल उभं झालं की मी चारही सुरगाठींना एकदा हात लावून येते, मगच माल मांडते. भवानी व्हायला पाच मिनिटं उशीर झाला तरी चालतो.

दोऱ्यांना गुडघ्याच्या उंचीवर लाल-पिवळ्या चिंध्या बांधा. शिंप्याकडचं कातरण पुरतं. बाजारात म्हातारी माणसं असतात, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका असतात, त्यांना नायलॉनची दोरी दिसत नाही.

शेजाऱ्याच्या काठीला आपली दोरी बांधू नका. जागा कमी असते, मोह होतो, पण एकाचं गेलं की ओळ जाते. शेजाऱ्याला विचारून त्याच्या मेखेला बांधली तर हरकत नाही, मेख जमिनीत असते. आणि उभ्या गाडीला तर कधीच बांधू नका. टेम्पोवाला निघताना मागे बघत नाही. पलीकडे भजी-वड्याची गाडी असेल तर तिकडची बाजू चार हात मोकळी सोडा. प्लॅस्टिकची ताडपत्री पेटली तर वितळून थेंब थेंब गळते, आणि ते अंगावर चिकटतात.

छत्री आणि घडीची कॅनोपी

मोठी बाजारछत्री लिंबू-सरबत, चप्पलदुरुस्ती, फुलं, असल्या एका माणसाच्या धंद्याला ठीक. तिचं बूड जड करायचं असेल तर स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये पाइपाचा तुकडा उभा धरून काँक्रीट ओता. टायर असल्याने ते लोटत नेता येतं. वारं वाढलं की छत्री मिटायची, एवढंच.

कॅनोपी मी अजून वापरते, अपघातानंतरही, पण जत्रेत आणि एका दिवसाच्या प्रदर्शनाला. उभी करताना समोरासमोर दोघं हवेत, आणि कात्रीचे सांधे बोटं चिमटतात, म्हणून पट्ट्यांना मधे धरू नका, बाहेरच्या पायाला धरा. चारही कोपऱ्यांच्या वरच्या टोकाला दोरी आणि वजन. आभाळ फिरलं की आधी पाय खालच्या भोकावर आणून तिला बुटकी करायची, आणि वारं वाढलंच तर सगळी मिटून जमिनीवर आडवी करायची.

शेतात कांदाकाढणीला किंवा मुलांना घेऊन नदीकाठी जायचं असेल तर एवढा खटाटोप नको. ६ बाय ९ चं कापड, पाच-पाच फुटांच्या दोन काठ्या, वाऱ्याकडची कड थेट जमिनीला मेखांनी टाचलेली आणि पुढची उचललेली. वारा वरून सरकून जातो. वाळूत मेख धरत नाही, तिथे पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरायची.

पाडायची वेळ

वळवाचं वारं बाकीच्या वाऱ्यासारखं पश्चिमेची वाट धरत नाही, कुठूनही येतं. त्याची खूण एकच: भर उकाड्यात एकदम गार झुळूक लागते. लांब कुठेतरी पाऊस सुरू झालेला असतो, त्याने थंड झालेली हवा जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवरून पसरत पावसाच्या आधी आपल्यापर्यंत पोचते. ती झुळूक लागली, धुळीची भिंत दिसली की गिऱ्हाइकाशी बोलणं तिथेच थांबवा. वाऱ्याकडच्या सुरगाठी सोडू नका. त्या आधी सोडल्या तर कापड फुगून वर जातं. पलीकडच्या दोन आधी सोडा, त्या बाजूच्या काठ्या आत ओढून घ्या, कापड मालावर आपोआप पडतं. मग वाऱ्याकडच्या काठ्या उतरवा, पण त्या बाजूच्या मेखांना कापड बांधलेलंच राहू द्या. आता तेच कापड मालावरचं पांघरूण झालं. कडेवर कॅन आडवे टाका. आम्ही मायलेक दीड मिनिटात हे करतो. वर्षातून दोनदा वारं नसतानाही करून बघतो.

विजा कडाडत असतील तर माल सोडून द्या. पालाखाली, मग काठ्या लोखंडी असोत की बांबूच्या, छत्रीखाली किंवा झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत जा, नाहीतर पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत काचा लावून बसा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारून सोबत घ्या.

ओलं कापड घडी घालून ठेवलं की दोन दिवसांत वास मारतं आणि मऊ जागी काळे डाग पडतात, म्हणून रात्री कितीही दमलं तरी ओसरीत पसरून टाकते. मी घडी नेहमी एकाच पद्धतीने घालते, गोटे बांधलेले चारही कोपरे बाहेर राहतील अशी. दोऱ्या कोपराभोवती गुंडाळून ज्याच्या त्याच्या काठीला. आणि पोत्यात भरताना कापड तळाला, त्यावर काठ्यांच्या नळ्या, सगळ्यात वर मेखा आणि घण, कारण पहाटे अंधारात बाजारतळावर पोचल्यावर पहिला हात त्यांनाच लागतो.